तेरड्यावरचा पक्षी

शरयू, बातमी आहे. आज सकाळची, अजून गरम. पण बातमी मी तुला लगेच देणार नाही. अकरा महिने तू मला ताटकळत ठेवलंस, आता तू थोडी थांब. नाहीतरी तुला आता कुठे जायची घाई आहे?

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर लिहा म्हणून सेक्रेटरींचा फोन आला होता. "कुंदाताई, जन्म, शिक्षण, कार्य, असं थोडक्यात." मी म्हटलं, ते दिलीपरावांना सांगा, नवरा आहेत, त्यांना तारखा पाठ असतील. मला तारखा नकोत. मला आपलं भांडण पुरं करायचंय. अर्ध्यावर टाकून निघून गेलीस, हे माझ्या धंद्यात बसत नाही. रागावलेलं गिऱ्हाईकसुद्धा दारात एकदा मागे वळून बघतं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत माझं किराणा आणि फराळाचं दुकान आहे. सुरुवात अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटून झाली आणि मधलं सगळं मी भांडून मिळवलं. भेंडीचा भाव भांडून, जागेचं भाडं भांडून, दुकानासमोरच्या पार्किंगच्या दोन जागासुद्धा भांडून. तू पुण्याची. तिकडे शाळेत विज्ञान शिकवायचीस, मग दिलीपरावांच्या नोकरीमागून इथे आलीस. शिकवायला समोर वर्ग राहिला नाही, म्हणून माझ्या दुकानात आलीस.

पहिल्याच दिवशी माझ्या फळीसमोर उभी राहून म्हणालीस, "अहो, ही पाटी चुकली आहे. ही खसखस नाही, हा राजगिरा आहे."

मी म्हटलं, "बाई, मी वीस वर्षं हा माल विकतेय."

"मग वीस वर्षं चुकीचा विकत असाल."

मी रागाने पुडी फोडून हातावर ओतली. राजगिराच होता. आपली ओळख अशी झाली. तू चूक दाखवलीस, मी चिडले आणि तू बरोबर निघालीस. पुढे दहा वर्षं हेच चाललं, फक्त अहोचं अगं झालं.

दुर्बीण आठवते? एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाने गराजसमोर जुनं सामान मांडलं होतं. तुला दुर्बीण दिसली आणि तुझा चेहरा असा उजळला की मला तुझ्या पायावर पाय द्यावा लागला. माल आवडल्याचं विकणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. त्याने किंमत सांगितली. मी निम्म्याहून खालची सांगितली आणि गप्प बसले. दुर्बिणीकडे बघत, नुसती गप्प. तू माझ्या शेजारी घामाघूम. तुला वाटत होतं, पोलीस येतील. शेवटी तो हसला, "ओके, ओके, टेक इट," म्हणाला आणि वर पक्ष्यांचं एक फाटकं पुस्तक फुकट दिलं.

गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, "मला लाज वाटली. पण केलंस कसं ते सांग."

"आपला भाव सांगायचा आणि तोंड मिटायचं. जो आधी बोलतो तो हरतो."

"हे मला शाळेत कुणी शिकवलं असतं तर मी मुख्याध्यापिका झाले असते."

तो नियम मी तुला शिकवला, शरयू. स्वतःच्या तोंडाने शिकवला. माझ्या सगळ्या धंद्यात एवढी महागात पडलेली दुसरी गोष्ट नाही.

मग पक्ष्यांचं वेड. तू आखलेली वही काढलीस, तीत दिसलेल्या पक्ष्याचं नाव, जागा, वेळ. वहीचा कायदा तू केलास: दोघींनी पाहिला तरच लिहायचा. मी एकदा खुशीत फोन केला. माझ्या डेकवर साखरपाण्याची लाल बाटली टांगली होती आणि तिसऱ्याच दिवशी हमिंगबर्ड आला होता. एवढासा जीव, मधल्या बोटाएवढा. पंख दिसतच नाहीत, नुसती गुणगुण, आणि चोच म्हणजे गोधडी शिवायची सुई. मला गावचं केळफूल आठवलं, त्यावर शिंजीर येऊन असाच मध प्यायचा. मी ओरडूनच सांगितलं तुला, "आपला शिंजीर आलाय."

"शिंजीर वेगळा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि हा मोजायचा नाही. तू दुकान मांडलंस, तो गिऱ्हाईक म्हणून आला. रानात, खऱ्या फुलावर बघ, मग बोल."

मला काय राग आला होता. पण पैज लागली की मी सोडत नाही, हे तुला माहीत होतं.

म्हणून ती पाणथळ. घरापासून वीस मिनिटांवर, दलदलीतून गेलेली फळ्यांची लांब वाट, दोन्हीकडे पाणकणीस, आणि वाटेच्या शेवटी ओढ्यालगत नारिंगी फुलांचा ताटवा. पहिल्यांदा ती फुलं बघून मी जागीच थबकले होते. पाणीदार देठ, गाठीगाठींचं खोड, डुलासारखी लोंबणारी फुलं, आणि शेंगेला बोट लावलं की फट्कन फुटून बिया उडतात.

"अगं, हा तेरडा आहे," मी म्हटलं.

"याच्याच कुळातला. इथला. आणि हमिंगबर्डला फार आवडतो." तू पहिल्यांदा एखाद्या गोष्टीत मला बरोबर म्हणालीस. निदान अर्धी बरोबर.

पाच वर्षं आपण ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे जात होतो. तो पक्षी तुला दिसायचा. मला कधीच नाही. "तो बघ," तू कुजबुजायचीस, मी वळायचे आणि फूल नुसतं हलत असायचं. एकदा भेंडीवाल्याचा फोन आला म्हणून गेला. एकदा मला शिंक आली म्हणून गेला. एकदा मी "कुठाय, कुठाय" म्हणून विचारलं म्हणून गेला.

"तुला इथे पाच मिनिटं गप्प बसता येत नाही," तू म्हणायचीस. "त्या गराजवाल्यासमोर कशी बसलीस?"

"तिथे समोर माणूस होता. त्याला घाम फुटताना दिसत होता."

"मग पक्ष्याला माणूस समज."

"पक्षी घासाघीस करतो का?"

"तू करून तर बघ."

आणि कपड्यांवरून रोज कटकट. "शालू नेसून पक्षी बघायला येतेस. लाल रंग बघून सगळी पाखरं पळतील." मग तुझी ती मातकट टोपी माझ्या डोक्यावर. ती घातली की मी बटाट्याच्या पोत्यासारखी दिसते, हे तू स्वतः म्हणाली होतीस आणि नंतर तासभर हसत होतीस.

आता गेल्या वर्षीचं. हे मला सांगायलाच हवं, कारण तुझी बाजू तू सगळ्यांना सांगितली असशील.

गौरी आवाहनाची सकाळ होती. इतकी वर्षं मी गौरीचे मुखवटे विकले आणि घरीही मुखवटाच बसवला. पण आमच्या दापोलीकडे गौर तेरड्याची असते. बायका पाणवठ्यावर जातात, तेरड्याची रोपं मुळासकट उपटतात, सुपात घालून वाजतगाजत घरी आणतात. त्या मे महिन्यात माझी आई गेली होती, हे तुला माहीत होतं. तिच्या हातासारखी गौर मला एकदा बसवायची होती, हे तुला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नाही. मी अशा गोष्टी सांगत नाही. तू फळ्यांच्या वाटेवर मागे कुठल्याशा बगळ्यापाशी थांबली होतीस, मी पुढे जाऊन ओढ्याकाठी उतरले आणि दोन्ही हातांनी तेरडा उपटला. चांगला कवेत मावेना एवढा.

आणि मी तो जुडगा बांधत असताना तो आला. माझ्या हातातल्या फुलांवर. वितीवर. पाठ हिरवट सोनेरी, पोट तांबूस, हवेत उभा, गुणगुण, फुलात तोंड. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर, माझ्या बोटांच्या मधून. मी जुडगा तसाच छातीशी धरून फळ्यांवरून पळत आले, ओरडत, "शरयू, दिसला, दिसला."

तू माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीस. हातांकडे बघितलंस.

"कुंदे, हे काय केलंस?"

"गौर."

"मुळासकट?"

"मुळासकटच आणतात. मुळं म्हणजे तिचे पाय. पाय तोडून आणू का देवीला घरात?"

"अगं, हे त्यांचं जेवण आहे. इथे पोट भरून ते दक्षिणेला जातात, समुद्र ओलांडतात. एवढ्याशा अंगाने."

"चार काड्यांनी उपाशी मरतील?"

"चार? तू पंगतीतून ताटं उचललीस. खडे आणायचे ना आमच्यासारखे. दगड कोणी खात नाही."

"दगड. पुण्याची देवीसुद्धा काटकसरी."

तुझ्या ओठाची कड हलली होती, हसू येत होतं तुला. मी पाहिलं. आपण तिथेच मिटवू शकलो असतो. पण मी बातमी सोडेना. "ते राहू दे. दिसला तो. या फुलांवर, आत्ता. लिही वहीत."

"केवढा होता?"

मी अंगठा दाखवला.

"डोक्यावर दोन मिशा होत्या?"

"मी मिशा बघत बसले नाही."

"मग तो पक्षी नव्हता. पतंग होता, दिवसा उडणारा. तसाच दिसतो, तसाच गुणगुणतो. भले भले फसतात."

"रोज माझ्या डेकवर येतो तो. मला कळत नाही?"

"तुला जे दिसतं त्याचा तू भाव तरी विचारतेस, नाहीतर ते उपटतेस. बघत कुठे असतेस?"

हे लागलं. पण मराठीत भांडलीस, ते मी सोडूनही दिलं असतं. तेवढ्यात मोठमोठे कॅमेरे घेऊन पाचसहा गोरे लोक मागून आले. माझ्या कवेतला तेरडा, लोंबणारी मुळं, फळ्यांवर सांडलेला चिखल बघून थांबले. आणि तू त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "सॉरी. शी डझन्ट नो."

माझ्या वतीने माफी मागितलीस. इंग्रजीत. जसं काही मी तुझ्या घरी आलेली गावाकडची बाई आणि तुझी पाहुण्यांसमोर पंचाईत झाली. या देशात मला कितीजणांनी ते वाक्य ऐकवलंय, तुला माहीत होतं. बँकेत, इन्स्पेक्टरने, घरमालकाने. तू त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस, हे मला सहन झालं नाही.

गाडीत वीस मिनिटं कोणी बोललं नाही. तुझ्या दारात तू उतरलीस, दुर्बीण सीटवर राहिली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. इथला दुपारपर्यंत मान टाकून मोकळा झाला. गौर मी मुखवट्याचीच बसवली.

मग मी वाट बघत राहिले. माझा भाव तुला ठाऊक होता: माफी, आणि वहीत नोंद. तुझाही मला ठाऊक होता. आणि जो आधी बोलतो तो हरतो. डिसेंबरात तू दुकानात आलीस. मी एका काउंटरवर, तू दुसऱ्या काउंटरवरच्या मुलीसमोर. तुझ्या हातात राजगिऱ्याची पुडी होती. ती तू मला दिसेल अशी धरली होतीस, शरयू. पाटीकडे बघून मान हलवलीस, माझ्याकडे नाही. मी पावत्यांच्या रोलशी खेळत बसले. तू गेलीस आणि दारात थांबून पर्समध्ये काहीतरी शोधलंस. बराच वेळ शोधलंस. मी जिंकतेय असं मला वाटलं.

जुलैत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मला कोणी वेगळा फोन केला नाही. का करतील? श्रावणाच्या खरेदीची गर्दी होती, मी साबुदाणा तोलत होते, आणि तुझा फोटो आला, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

फ्युनरल होममध्ये तुझी ईशा भेटली. शिकागोहून आली होती. मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, आई केप्ट सेइंग, कुंदा आधी फोन करेल. शी वॉज सो शुअर. शी सेड, तिला गप्प बसता येत नाही."

मी काही बोलले नाही. तिथेसुद्धा. बघ, येतं मला गप्प बसता.

आता बातमी.

आज पुन्हा गौरी आवाहन. सकाळी आठला दुकानात उभं राहायला जागा नव्हती: केळीची पानं, मुखवटे, फराळ. मी लाल साडी नेसले होते, सणाच्या दिवशी दुकानात मी लालच नेसते. साडेआठला काउंटर मुलींवर सोपवला आणि गाडीत बसले. टोपी नाही, बूट नाहीत, साडी आणि चपला. खोटं कशाला बोलू, मी तेरडा उपटायला निघाले होते. यंदा सगळा ताटवा उपटणार होते. आता मला अडवणारं कोण होतं? तुझी दुर्बीण वर्षभर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून होती, ती गळ्यात घातली. का घातली, विचारू नकोस.

ओढ्याकाठी उतरले. तेरडा यंदा माझ्या कमरेच्याही वर. वाकून पहिलं रोप मुळाशी धरलं. आणि उपटेना. रोप निघत नव्हतं असं नाही, ते तर नुसतं ओढलं तरी येतं. मी थांबले होते. तू मागून "कुंदे" म्हणशील म्हणून. हात मुळाशी, पाय चिखलात, मी वाट बघत उभी. बोल. बोल ना. आज तू आधी बोल. किती वेळ, माहीत नाही. गराजवाल्यासमोर बसले होते तशी, अगदी तशी, पापणीसुद्धा न हलवता.

तेव्हा गुणगुण आली.

माझ्या हातापासून वितीवर. पाठ हिरवट सोनेरी, पोट तांबूस, अंगठ्याएवढा. गेल्या वर्षीचाच. तोच. मी मनात म्हटलं, आला बघ माझा साक्षीदार. आणि तो फुलाकडे वळला, ऊन मागून आलं, आणि मला त्याच्या डोक्यावर दोन मिशा दिसल्या. स्पष्ट. काळ्या, टोकाला जाड. पंख काचेसारखे, आरपार. चोच नव्हतीच. केसासारखी बारीक सोंड होती, ती त्याने माझ्यासमोर गुंडाळून घेतली, मोजपट्टी गुंडाळावी तशी.

पतंग होता, शरयू.

मी हातात राजगिरा घेऊन उभी होते, आणि फळीवर पाटी खसखशीची.

रडू यायला हवं होतं, पण वेळच मिळाला नाही. डावीकडून काहीतरी सुटलं, दगड भिरकावावा तसं. टिक्‌टिक्‌ असा बारीक रागीट आवाज, आणि पतंग हुसकला गेला. त्याच्या जागी ती उभी होती. हमिंगबर्डची मादी, तिच्या गळ्यावर लाल रंग नसतो, तूच शिकवलेलं. पाठ हिरवी, ओल्या शेवाळासारखी. पोट पांढरं. चोच, हो, सुई. अंगठ्याएवढी नाही गं, बोटाएवढी, दुप्पट. दोघांना एका जागी बघितल्यावर शेंबड्या पोरालाही फरक कळेल. ती नारिंगी फुलात शिरली, गळ्यापर्यंत शिरली, फूल खाली झुकलं, ती हवेतच मागे सरली. मागे उडते ती, शरयू. उलटी. तू सांगितलं होतंस, मला वाटायचं फेकतेस. दुसरं फूल, तिसरं, चौथं. डोक्यावर पराग लागून पिवळा टिळा झाला. माझं काळीज पत्र्यावर पाऊस पडावा तसं वाजत होतं, आणि मी गप्प. दुर्बीण छातीवर, उचलायची छाती झाली नाही. गरजही नव्हती.

आणि मग ती माझ्याकडे वळली.

सरळ आली. माझ्या लाल पदरासमोर हवेत उभी राहिली. एक वीत, जास्त नाही. तिच्या पंखांचा वारा माझ्या मनगटाला लागला. तिने पदराच्या काठावरचं एक लाल फूल तपासलं, दुसरं तपासलं, माल नाही हे बघितलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. काळा, टाचणीच्या डोक्याएवढा डोळा. भाव विचारत असल्यासारखा. मी भाव सांगितला नाही, तिनेही नाही. मग एका वाळक्या काटकीवर जाऊन बसली, पिसं झाडली, जीभ एकदा बाहेर काढली आणि गेली. ओढ्यावरून, दक्षिणेला.

खाली बघितलं तर रोप अजून मुठीत होतं. मुळासकट जमिनीतच. मी मूठ सोडली. एक शेंग फुटली आणि बिया माझ्या हातावर उडाल्या.

आता ऐक, हा माझा सौदा. पतंग तुझा. मी चुकले, तू बरोबर होतीस, अकरा महिने होतीस. पण लाल रंग माझा. लाल बघून पाखरं पळतात म्हणालीस, ती रानातून आपणहून माझ्या पदराशी आली. तुझी ती टोपी असती तर बटाट्याच्या पोत्याकडे कोण बघतं? आणि इंग्रजीतली माफी मी विसरलेले नाही. ती सौद्यात धरलेली नाही. ती वेगळी ठेवते, माझ्याकडेही तुझं काहीतरी असू दे.

गौर तर न्यायचीच होती. पार्किंगमधल्या खडीतून सात खडे निवडले, गुळगुळीत, तुझ्या देव्हाऱ्यात पाहिले होते तसे. पाणवठा हवा म्हणून परत ओढ्यावर जाऊन धुतले. पदरात बांधले. तुझ्याकडे मी एकदा बघितलं होतं, खड्यांच्या गौरी मुक्याने आणतात. पाणवठ्यावरून निघालं की घरात पाटावर ठेवेपर्यंत एक शब्द नाही. तेव्हा मी तुला हसले होते, "मला जमणार नाही बाई, मी वाटेतच देवीला भाव विचारेन."

वीस मिनिटं, शरयू. असली बातमी पोटात घेऊन वीस मिनिटं तोंड मिटून गाडी चालवली. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या अनोळखी बाईला काच खाली करून सांगावंसं वाटत होतं. भेंडीवाल्याचा फोन आला. कालपासून भावावर अडला होता. उचलला नाही. परत आला. उचलला नाही. तिसऱ्या वेळी मेसेज टाकला, तो गाडीच्या स्पीकरवर आपोआप वाचला गेला: ओके दीदी, तुमचाच रेट. मी एकटीच गाडीत, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नियम शंभर टक्के खरा आहे. भेंडीला.

दारात माझी सून नेहा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नागपूरची आहे, पण आमच्या रीती तिला माझ्यापेक्षा पाठ.

"आई, तेरडा कुठाय?" तिने विचारलं. "आणि साडीला एवढा चिखल? आई? काय झालं, बोलत का नाही तुम्ही? बरं वाटत नाहीये का?"

मी मान हलवली, तिने पायांवर पाणी घातलं, आत गेले. पदराची गाठ सोडली. सात खडे पाटावर मांडले, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. नेहा निरांजन घेऊन शेजारी थांबली. तिला वाटलं, आता मी आरती सुरू करणार.

मी तोंड उघडलं. आधी मीच उघडलं, नेहा साक्षीला होती.

"शरयू," मी म्हणाले, "दिसली."